उस्ता शहातचं पोर्ट

कैरोच्या इम्बाबा मोहल्ल्यातल्या आमच्या स्टुडिओत यंत्राला यंत्राचं नाव नसतं, वाजवणाऱ्याचं असतं. ऑर्ग, म्हणजे विजेवरचे कीबोर्ड, उसने येतात-जातात, माणसं तीच राहतात. म्हणून कॉम्प्युटरवरचं प्रत्येक मिडी पोर्ट, म्हणजे वाद्याची तार जिथून आत येते ते दार, आम्ही वादकाच्या नावानं नोंदवतो. माझं 'इन्साफ'. वडिलांचं 'उस्ता शहात', उस्ता म्हणजे उस्ताद.

बाबा जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. त्यांचा ऑर्ग आत्यानं तिच्या गावी, मन्सूराला नेला. यादीत नाव तेवढं उरलं, करड्या अक्षरांत. तार काढली की नाव करडं पडतं.

त्या मंगळवारी दुपारी मी नवरीच्या मिरवणुकीची धून रेकॉर्ड करायला बसले. ती नवरीकडच्यांना पसंत पडली तर गुरुवारी लग्नात ऑर्गवर मी. नाहीतर माझा चुलतभाऊ समीह, ज्याला ताल आणि टाळ्या यातला फरक अजून कळलेला नाही. "मुलगी लग्नात वाजवणार नाही," हे बाबांचं शेवटपर्यंतचं पालुपद. माझंही उत्तर ठरलेलं: वाजवणार.

चार मात्रा वाजवल्या आणि आवाज तुटला. पुन्हा वाजवल्या, पुन्हा तुटला.

"तार बघ गं पोरी," ढोलकीसारखा दरबुका मांडीवर घेऊन बसलेले फर्गलीकाका म्हणाले.

"नवी आहे. तुमच्या कवळीपेक्षा नवी."

मी आत येणारे संदेश दाखवणारी खिडकी उघडली. माझ्या पोर्टातून सूर व्यवस्थित येत होते. आणि दर चार मात्रांनी एक हुकूम येत होता: सगळे सूर बंद. पाठवणारा: उस्ता शहात. नाव आता करडं नव्हतं.

फर्गलीकाकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि पुटपुटले, "बिस्मिल्लाह."

मी टेबलामागे वाकून बघितलं. बाबांच्या पोर्टाच्या भोकात तार नव्हती, धूळ होती. बोट लावलं तर कोमट लागलं. नाव पुसलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाव परत हजर. पोर्टच बंद करून टाकलं. यादी पुन्हा उघडली तर चालू.

"सोड ना, इन्साफ. समीह वाजवेल. गेलेल्या माणसाशी भांडू नये."

"जिवंत होते तेव्हा म्हणायचात, बापाशी भांडू नये. मग मी भांडायचं तरी कधी?"

मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त संताप आला. सातव्या वर्षी मांडीवर बसवून माझी बोटं पट्ट्यांवर यांनीच ठेवली. आणि आता माझाच गळा आवळायचा?

मी नवा ट्रॅक उघडला आणि त्याला बाबांचं पोर्ट जोडलं.

"घ्या, बाबा. दार सताड उघडं आहे. काय बोलायचं ते बोला, सगळं नोंदवून घेते. पण मी वाजवणार म्हणजे वाजवणार!"

रेकॉर्डचं बटण दाबलं. पट्ट्यांवर बोटं ठेवली.

चार मात्रा गेल्या.

आठ.

फर्गलीकाकांचा हात दरबुकावर तसाच अधांतरी.

तुटलं नाही. शेवटपर्यंत तुटलं नाही.

"बघितलंस?" काका डोळे पुसत म्हणाले. "मान्य केलं त्यांनी."

"मान्यता मागितली होती कुणी?"

मी फक्त माझा ट्रॅक नवरीकडे पाठवला. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या अजानीच्या आत फोन आला: गुरुवारी तूच ये. काका हसत हसत कोपऱ्यावरून खायला कुशरी आणायला गेले.

मी बाबांचा ट्रॅक पुसायला उघडला. तो रिकामा नव्हता. माझी धून, सूर न् सूर, तेवढ्याच जोरानं वाजवलेली. दोन्ही ट्रॅकमधल्या सुरांचं चित्र मोठं करून बघितलं. त्यांचा प्रत्येक सूर माझ्या सुराच्या केसभर आधी पडला होता.

तिसऱ्या फेरीत माझी करंगळी घसरून शेजारच्या पट्टीवर पडली होती. तो चुकलेला सूरही तिथं होता. माझ्या आधी.