बिननावाची ओळ

जुलैतली, आमच्याकडच्या ऐन थंडीतली गोष्ट आहे. झोंब्याच्या डोंगरावरून चिपेरोनीची गार हवा उतरली, की आमच्याकडे तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. धड पाऊस नाही, धड धुकं नाही, नुसती ओल. असल्या हवेत माझ्या फोन-दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. शेगडीवर हात शेकत बसलो होतो, तेवढ्यात आगोगो एनेलेसींचा फोन आला.

आगोगो म्हणजे आजी. सगळं गाव त्यांना तसंच म्हणायचं. चाळीस वर्षं सुईण होत्या त्या. मीही त्यांच्याच हातावर जन्मलेला. त्यांचा मुलगा दूर लिलाँग्वेला. आईचा चेहरा रोज दिसावा म्हणून त्यानं घरात इंटरनेट घेतलं होतं आणि जोडून दिलं होतं मी.

"मसाउको, तुझं ते यंत्र गळतंय," त्या म्हणाल्या. "महिन्याचा डेटा आठ दिवसांत संपतो. कुणीतरी चोरतंय. कोण, तेही मला ठाऊक आहे. तू फक्त येऊन सांग."

डोंगराच्या पायथ्याशी रस्ता संपतो, तिथलं शेवटचं घर त्यांचं. आसपास घर नाही, निलगिरीची झाडं तेवढी. घरात आगोगो आणि फालेसी, दोघीच. फालेसी चाळिशीची, चौदा वर्षं त्यांचं स्वयंपाकपाणी तीच बघत होती.

"हिनंच पासवर्ड वाटला असणार," आगोगो तिच्या तोंडावर म्हणाल्या. "चर्चमधल्या बायकांना. तोंड बंद ठेवायला शिकलीच नाही कधी."

"मला पासवर्ड पाठ राहिला असता तर इथे भांडी घासत बसले असते का?" फालेसीनं तळलेल्या मांदासींची ताटली माझ्यापुढे ठेवली. "घे दादा. चोराच्या हातचे आहेत, पण गरम आहेत."

आगोगो हसल्या नाहीत.

मी लॅपटॉप उघडून जोडलेल्या यंत्रांची यादी काढली. आगोगोंचा फोन, फालेसीचा फोन, टीव्ही, माझा लॅपटॉप. आणि खाली एक ओळ, जिला नावच नव्हतं.

एवढंच ना, म्हटलं, आणि तिला काढून टाकलं. दहा आकडे मोजेपर्यंत ती परत आली. मग मी पासवर्डच बदलला. बारा अक्षरांचा, मनात येईल तसा, कुणाला न सांगता. दोन्ही फोन गळाले, टीव्ही गळाला. ते व्हायलाच हवं होतं. ती ओळ मात्र होती तिथेच राहिली.

डेटा चोरणारा माणूस बाहेरचं आत ओढतो. सिनेमे बघतो, गाणी ऐकतो. इथे आत काहीच येत नव्हतं. नुसतं बाहेर जात होतं. किती जातंय ते दाखवणारी रेघ पडद्यावर आडवी पडून राहायची, मध्येच उभी राहायची, परत आडवी. स्वयंपाकघरात फालेसी भांड्यांना शिव्या देत होती. ती गप्प झाली, रेघ पडली. ती बोलली, रेघ उठली.

मी खाकरलो. काही नाही. आगोगोंना उगाच हवापाणी विचारलं, त्या बराच वेळ बोलल्या. रेघ हलली नाही.

"फालेसीताई, जरा काहीतरी बोला."

"काय बोलू?"

रेघ उभी राहिली.

तिचा फोन मी बंद केला, बॅटरी काढून टेबलावर ठेवली. तिनं खिसे उलटे केले, कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेची गाठ सोडली: एक किल्ली, एक रुमाल, खोकल्याच्या दोन गोळ्या. मग लॅपटॉप हातावर घेऊन मी त्या ओळीच्या सिग्नलच्या मागे घरभर फिरलो. बैठकीच्या खोलीत तो मंद. व्हरांड्यात त्याहून मंद. मधल्या बोळात, फालेसी शेंगा सोलायला बसायची त्या कोपऱ्यात, पूर्ण जोर. तिथे काय होतं? लाल पॉलिशची फरशी आणि भिंत. मी लॅपटॉप फरशीला टेकवला, जोर कमी झाला. डोक्याच्या वर धरला, कमी झाला. कमरेच्या जरा वर धरला की भरून यायचा... बसलेल्या माणसाचं डोकं असतं, त्या उंचीला. ओल्या राखेचा वास येत होता.

फालेसी मला ओलांडून न्हाणीकडे गेली. कोपऱ्यातला जोर ओसरला. मी तिच्या मागे गेलो, तेव्हा तो पुन्हा सापडला. तिच्यापासून तीन पावलांवर. तिच्या आणि माझ्या मध्ये.

त्याच वेळी वीज गेली. राउटरचा हिरवा दिवा विझला. जोडायला आता काही उरलंच नव्हतं, तरी पडद्यावर ती एक ओळ होती.

"गेली बघा," आतून फालेसी म्हणाली, आणि रेघ उठली.

मी लॅपटॉप मिटला. बैठकीत आगोगो वाट बघत होत्या.

"हीच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

खरं काय ते सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, बस्स. मी म्हणालो, "आगोगो... त्याचा संबंध फालेसीशीच आहे."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर इतक्या सहज बोललो. त्याच दुपारी आगोगोंनी तिला घालवली. धुक्यात बोचकं डोक्यावर घेऊन ती माझ्या पुढून उतरत होती. मी सायकल हळू केली, पण थांबलो नाही.

तीन आठवड्यांनी सुटे भाग आणायला लिंबेला गेलो, तर बाजारात फालेसी सुकट विकत बसलेली. बहिणीकडे राहत होती.

"काय पाहिजे? नसेल काही तर पुढे सरक, गिऱ्हाईक अडतंय."

मी तिथेच उकिडवा बसून सगळं सांगितलं. रेघेचं, बोळाचं, तीन पावलांचं. ती मासळीवरच्या माश्या हाकलत ऐकत राहिली.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "त्यांना सांग."

मी तिच्यासमोर फोन लावला, आवाज तिलाही ऐकू येईल असा केला. माझी चूक झाली, फालेसीनं काही केलं नव्हतं, असं सांगितलं.

"हे तेव्हाच सांगायचंस," आगोगो म्हणाल्या. "असो. आली ती परत. त्याच संध्याकाळी."

"कोण आली?"

"फालेसी. दुसरी कोण? रुसलीय अजून. समोर येत नाही, बोळातूनच ओ देते. जेवतही नाही मेली."

फालेसीच्या हातातलं मापाचं डबडं तसंच राहिलं. मग तिनं माझ्याकडून फोन घेतला. "आगोगो, मी फालेसी बोलतेय. मी इकडे लिंबेला आहे."

पलीकडे आगोगोंचा आवाज अगदी खाली आला. "मसाउको... तुझ्याजवळ कोण आहे रे?"

आणि त्यांच्या मागून, घराच्या आतून, तोच आवाज. "कुणाचा फोन, आगोगो?"

फालेसीनं मासळी तशीच बहिणीच्या हवाली केली. आम्ही झोंब्याची मिनीबस धरली. तीनच्या सुमारास दाराशी पोचलो. आगोगोंनी दार चार बोटं उघडलं. फालेसीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, अनोळखी बाईला बघतात तसं.

"मला नको कुणी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आहे बाई."

दार लागलं. आतून कडी सरकली.

मी आगोगोंच्या मुलाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, शेजारच्या वस्तीतली माणसं घेऊन आत शिरला. आगोगो एकट्याच होत्या, धडधाकट. त्यानं त्यांना लिलाँग्वेला नेलं. तिथे नीट जेवतात म्हणे, नातवंडांत रमतात. फक्त अधूनमधून सगळ्यांना गप्प बसवतात, फालेसीनं हाक मारली का ते ऐकायला. झोंब्याचं घर बंद आहे. राउटर आतच राहिला. तो आणायला मी गेलेलो नाही.

पण त्या दिवशी दार लागल्यावर आम्ही दोघं व्हरांड्यात उभे होतो, तेव्हा आत कुणीतरी भजन गुणगुणायला लागलं. फालेसीचाच आवाज, शब्द अडला की खोकायची तिची सवयही तीच. फालेसी दाराला कान लावून ऐकत होती. मग मागे सरकली आणि माझा दंड धरून मला पायऱ्या उतरवायला लागली.

फाटकाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, तुम्ही चौदा वर्षं गायलात या घरात. तेच कसंतरी आत साठून राहिलं असेल."

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"इथे होते तेव्हा ते भजन मला येतच नव्हतं दादा," ती म्हणाली. "गेल्या रविवारी शिकले. लिंबेत."