न घातलेली हाक

चिंगमिंगच्या सकाळी, पितरांची थडगी झाडण्यासाठी, शी पेइलिन तांदळाच्या हिरव्या उंड्यांची परडी घेऊन निघाला, तेव्हा नदीवर धुके दाटले होते. थडगी पलीकडच्या टेकडीवर, आणि मध्ये दगडी कमानीचा जुना पूल. पुलाच्या पहिल्या पायरीशी त्याचा म्हातारा काका थांबला होता.

"दादा, तुझा बाप, पुन्हा स्वप्नात आला," काका म्हणाला. "इथंच बसला होता, हातात काठी, अंगावर शेवाळ. म्हणतो, मला अजून कुणी बोलावलं नाही."

पेइलिनने मान फिरवली. तीन वर्षांपूर्वी वडिलांची शवपेटी या पुलाशी आली, तेव्हा 'बाबा, पूल आला, चला' अशी हाक त्याने घालायची होती. वाहत्या पाण्यावर मृताला वाट दिसत नाही. सुटलेल्या जिवाला पोटच्या मुलाचा आवाजच पार नेतो, नाहीतर परत आणतो. पण बापलेकांत अकरा वर्षांचा अबोला होता. पेइलिनने ओठ मिटून घेतले. पेटी तेवढी पलीकडे गेली.

"मेलेल्या बापावर रुसलास! जिंकलास का रे?" काका म्हणाला. "आता तुझा पोरगाही तुझ्याशी बोलत नाही म्हणे. छान वळण लावलंस हो."

"काका, तुम्ही पुढं व्हा."

काका धुक्यात दिसेनासा झाला. ओल्या दगडाच्या वासात पेइलिनला वडिलांच्या तंबाखूचा वास आला.

"बाबा, पूल आला," तो पुटपुटला.

काहीच हलले नाही. उरकण्यासाठी उच्चारलेला शब्द देवापर्यंतही पोचत नाही.

मग त्याचे गुडघे पायरीवर टेकले. "बाबा... चुकलं माझं... चला..."

काठी वाजली. टक्. टक्. ती त्याच्या शेजारून कमान चढू लागली. पेइलिन मागोमाग निघाला. माथ्यावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आपल्या पावलांचा आवाज होत नाही.

पलीकडे काकाचा चेहरा उजळला.

"आलास, दादा!" त्याची नजर पेइलिनच्या आरपार गेली. "पण पेइलिन कुठं राहिला?"

"मी इथंच आहे, काका..."

काकाला ते ऐकू गेले नाही. क्षणभर धुके विरळ झाले. गावाकडच्या पहिल्या पायरीवर, परडी शेजारी ठेवून, एक माणूस गुडघे टेकून बसला होता.

"ऊठ रे, पेइलिन!" काकाने हाक मारली. पुन्हा मारली.

तो माणूस उठला नाही. ज्याच्या हाकेने तो उठला असता, तो मुलगा सात वर्षे दूर शहरात ओठ मिटून होता.