मम्मीचा डावा हात

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे निकामी झालेले हातपाय पुन्हा हलते करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझ्या आईच्या हातावर माझ्याच भावाने, कॅल्विनने, ताय-ची नावाच्या संथ चिनी व्यायामाचे प्रयोग सुरू केले तेव्हा माझं डोकं का फिरलं, हे कुणालाही कळावं.

गेल्या वर्षी मम्मीला पॅरालिसिसचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला. मी रोज सकाळी क्लिनिकला जायच्या आधी पापडी गावी मम्मीकडे येऊन तिची बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. ती मुकाट्याने करून घ्यायची आणि विचारायची, "जीना, कंटाळत नाय गो तू?" कंटाळायला मला फुरसत नव्हती. मला तो हात परत हवा होता.

आणि हा कॅल्विन! बरीच वर्षं सिंगापूरला एका हॉटेलात आचारी होता. तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून ताय-ची शिकून आला आणि आमच्या वाडीत, बावखलाच्या काठावर, म्हणजे जुन्या तळ्यापाशी, संध्याकाळचा क्लास काढून बसला. निवृत्त मास्तर आलोशियस अंकल, शेजारच्या वाडीतल्या मथुराकाकी, आणखी गावातली चार टाळकी. आणि खुर्चीत मम्मी. ही सगळी शहाणी माणसं तळ्याकाठी उभी राहून अगदी संथपणे हवा कुरवाळत होती.

"तिचा खांदा निसटला तर तू बसवणार आहेस?" एका संध्याकाळी मी तिथे जाऊन कॅल्विनला सगळ्यांदेखत विचारलं.

"एकदा आमच्यात उभी राहा," कॅल्विन म्हणाला. "मग भांड."

राहिले. नीट भांडता यावं म्हणूनच राहिले.

गुडघे किंचित वाकवायचे, तळवे समोरासमोर धरायचे, मध्ये चेंडू आहे असं समजायचं. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. मग तळहात तापले. मग मधली हवा दाट झाली. हात जवळ आणले की ती मागे रेटायची, लांब नेले की ओढायची. बेंबीच्या खाली काहीतरी संथ घोंघावू लागलं आणि पावलं जमिनीत रुतल्यासारखी जड झाली. मला याचं नवल वाटलं नाही. रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू थकतात, लक्ष एका जागी खिळलं की मेंदू नसलेलंही जाणवून घेतो. हे मी पेशंटना रोज समजावते.

तेवढ्यात वरून चिकूचं एक वाळकं पान पडलं. ते माझ्या दोन तळव्यांच्या मधोमध आलं आणि थांबलं. मग बाजूने घरंगळत खाली गेलं.

वारा असेल, असं मी स्वतःला बजावलं. बावखलाच्या पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती.

कॅल्विनचा एक नियम होता. शेवटी दोन्ही हात पोटापाशी आणायचे आणि हातातली ऊब निवेपर्यंत तसंच उभं राहायचं. जे उघडलं ते मिटवल्याशिवाय जागा सोडायची नाही, असं त्या म्हाताऱ्याने त्याला निक्षून सांगितलं होतं. पण क्लास संपत यायचा नेमका तेव्हाच चर्चची संध्याकाळची घंटा व्हायची. आमच्याकडे ती घंटा झाली की माणूस असेल तिथे थांबतो, विहिरीवर असो की स्कूटरवर. क्रुसाची खूण करतो, प्रार्थना म्हणतो. इथेही रोज तेच व्हायचं. प्रार्थना झाली की गप्पा, मच्छर, घर. मिटवायचं राहूनच जायचं. आणि गुरुजी म्हणवणारा कॅल्विन सगळ्यांत आधी हात सोडायचा.

त्या संध्याकाळीही घंटा झाली. मी डोळे मिटले. कपाळ, छाती, खांदे.

"जीना," मथुराकाकी हळूच म्हणाल्या. प्रार्थनेच्या वेळी त्या नुसत्या गप्प उभ्या राहत. "डावे हात बघ सगळ्यांचे."

मी पाहिलं. उजवे हात क्रूस करून खाली आले होते. डावे तसेच छातीसमोर होते, काहीतरी खालून तोलून धरल्यासारखे. आलोशियस अंकलचा. कॅल्विनचा. माझासुद्धा. मी उजव्या हाताने माझा डावा खाली दाबला. तो गेला, पण सहजासहजी नाही.

मग मी खुर्चीकडे वळले.

मम्मीचा डावा हात आमच्याच उंचीवर होता.

"माझा हात!" ती रडत होती, हसत होती. "जीना, माझा हात बघ!"

मी नाचायला हवं होतं. पण तो हात आमच्या हातांसारखाच तरंगत होता, आणि मला संताप आला.

"मिटव," मी कॅल्विनवर ओरडले. "तुझाच नियम आहे ना? मिटव आत्ताच्या आत्ता!"

तो पांढराफटक पडला होता. "घंटेनंतर कसं मिटवायचं ते मला ठाऊक नाय. त्या म्हाताऱ्याने शिकवलंच नाय."

"मग उघडलंस कशाला, गाढवा?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने क्लास बंद केला.

हात मात्र सुधारत गेला. मम्मी त्याने केळी सोलू लागली, केस विंचरू लागली. गाव चमत्कार म्हणू लागलं, कुणी नवसाचं फळ म्हणालं, कुणी कॅल्विनचं नाव घेतलं. वर्षभर ती बोटं उघडत मिटत बसलेली मी कुणाला आठवले नाही. त्याचाही मला राग आला, खोटं कशाला सांगू? रविवारी ती दुपारी झोपली की तो हात चादरीवर संथ फेऱ्या घालायचा. मी तो धरून ठेवायची. माझ्या हाताखालीही तो फिरतच राहायचा.

काल सकाळी मी तिची नीट तपासणी करायला बसले. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट. कुठे ताठरपणा नाही, कंप नाही. शेवटी मी माझा हात तिच्या डाव्या पंज्यात दिला.

"दाब."

तिने दाबला. पकड उबदार होती, भक्कम होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझा राग विरघळला आणि डोळे भरून आले.

"शाब्बास, मम्मी. आता सोड."

ती खिडकीबाहेर बघत होती. तिने वळून आमच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी कवाच सोडला, जीना."

त्या हाताचा अंगठा माझ्या मनगटावरून हळूहळू सरकत नाडी शोधत होता.