हिरव्या चौकटी

निर्मलाचं तिकीट लोणावळ्याचं होतं, तरी ती कार्ला फाट्यावरच उतरली. पाऊस आडवा लागत होता. छत्री न उघडता ती रस्त्याच्या मधल्या दुभाजकाकडे बघत उभी राहिली. त्याचा हातभर तुकडा नव्याने बांधलेला होता, बाकीच्यापेक्षा पांढरा.

"ताई, जरा मागं सरा. ट्रकवाले पाणी उडवतात."

तिने वळून पाहिलं. तिशीतला एक माणूस स्वतः भिजत तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. त्याच्या काखेत प्लास्टिकची फाईल होती, आणि फाईलमधून जे पत्र दिसत होतं तेच तिच्याही पर्समध्ये होतं. निवासी डॉक्टर कार्यक्रमाच्या समन्वयकांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा, कुसगाव. तिने आपलं पत्र काढून दाखवलं, तेव्हा तो हसला.

"म्हणजे एकाच शाळेत निघालोय की आपण."

त्याचं नाव आदिनाथ. घर कार्ल्यातच, भातखाचरांच्या पलीकडे. नोकरी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात, तिच्यासारखीच. एमबीबीएस करून पुढे शिकणारे, रात्रंदिवस वॉर्डात राबणारे जे निवासी डॉक्टर, त्यांच्या ड्यूट्या, रजा, परीक्षा, नोंदी सांभाळायच्या. टमटममध्ये शेजारी बसल्यावर त्याने तिचं गाव विचारलं. बेडश्याच्या वरची ठाकरवाडी, असं तिने सांगितलं. आणि मग तो पुढे काय म्हणतो याची वाट पाहिली. लोक इथेच जरा थबकतात, हे तिला ठाऊक होतं.

"मग आपली मानसं," तो एकदम गावाकडच्या बोलीवर आला. "इतकं शुद्ध बोलत बसलो की मी उगाच."

तिला हसू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा... आणि ते आल्याचीच तिला लाज वाटली.

तीन आठवड्यांपूर्वी त्या दुभाजकावर डॉक्टर धम्मदीप गेला होता. तिच्या कॉलेजातला दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर, मळवलीचा. मंगळवारी सकाळी वॉर्डात शिरला तो गुरुवारी दुपारी सुटला. घरी जायला बाईक काढली आणि चालवता चालवता झोपला. निर्मलाच्या कॉम्प्युटरवर मात्र तो बुधवारी सकाळी आठला सुटलेला होता. तपासणी जवळ आली होती, तास जास्त दिसायला नकोत असा साहेबांचा हुकूम होता, आणि तक्त्यात भरलेले खरे तास तिनेच तसे सरकू दिले होते.

जलदान विधी झाल्यावर त्याची आई ऑफिसात आली. भांडायला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून तिने एवढंच विचारलं, "ताई, माझा दीप सुटला कधी व्हता? मला फोनवर म्हनला, ड्यूटीवर हाय. लोक म्हनत्यात, येक दीस आदीच सुटलाता, कुटं तरी पीत बसला आसंल. माझ्याशी खोटं का बोलला आसंल वो?"

निर्मलाने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "बुधवारी सकाळी."

त्यानंतर तिला धड झोप नव्हती. येत्या सोमवारी चौकशी समिती बसणार होती. साहेबांनी जबाब टाईप करून ठेवला होता. तिने फक्त सही करायची होती.

कुसगावच्या हॉटेलात खिडक्यांबाहेर नुसतं धुकं. आत चाळीस समन्वयक, आणि शिकवायला मंगल मॅडम, ज्यांनी तीस वर्षं हेच काम केलं होतं. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, की तुम्ही स्वतःला कारकून समजता. पण कोणता डॉक्टर किती वेळ जागा आहे हे अख्ख्या दवाखान्यात फक्त तुमच्या कागदावर असतं. तो कागद खरा ठेवणं हीच तुमची विद्या. बाकी सगळं शिकता येतं. निर्मलाने वहीत काहीच लिहिलं नाही.

जोड्या लावायच्या वेळी आदिनाथ खुर्ची ओढून तिच्यापाशी आला. मग जेवायला, चहाला, व्हरांड्यात... तो असायचाच. बडबड्या होता, पण ती गप्प झाली की तोही गप्प व्हायचा, आणि ते गप्प राहणं तिला फार बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात उभं राहून त्याने कपाची कड बोटाने पुसत विचारलं,

"काल फाट्यावर मी तुम्हाला ताई म्हणालो होतो. ते मागे घेता येतं का?"

"अर्ज करा," ती म्हणाली. "तीन प्रतींत."

"कारण काय लिहू?"

"ते अर्जदाराला माहीत पाहिजे."

तो बघत राहिला. तिने नजर काढून घेतली, पण जरा उशिराच. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या तिला कळत होत्या — आणि त्याच क्षणी तिला तो पांढरा तुकडा आठवला. आपल्याला असं सुखावण्याचा हक्क आहे का, हे तिला कळेना.

त्या दुपारी ड्यूटीच्या तक्त्यांचा विषय निघाला. मॅडमनी पडद्यावर एक तक्ता दाखवला, निम्म्या कॉलेजांत चालणारा. तास मर्यादेबाहेर गेले की जादा तास आपोआप पुढच्या मोकळ्या दिवसावर सरकायचे आणि चौकटी हिरव्या व्हायच्या. निर्मला रोज तोच भरायची. आदिनाथ तिच्या कानाशी वाकला आणि थोडं लाजत, थोडं मिरवत म्हणाला, "हा माझा. मीच बनवला. एका मित्राला पाठवला न् सगळीकडे पसरला."

तिने समोरची वही मिटली.

चहाच्या सुट्टीत तिने त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि सगळं सांगितलं. मंगळवार, गुरुवार, फाटा, आई, तिने दिलेलं उत्तर. आवाज न चढवता, एकेक करून. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते तिला दिसलंच नाही.

"धम्मदीपच्या तक्त्यात तीन चौकटी हिरव्या झाल्या होत्या," ती म्हणाली. "मला बरं वाटलं होतं. काम झालं म्हणून."

तो कठड्यावरचं पाणी तळहाताने पुसत राहिला. संध्याकाळी जेवायला तो नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती. बॅग घेऊन पहाटेच गेला, असं कळलं.

पळाला, निर्मलाने मनाशी म्हटलं. आणि त्यात राग येण्यासारखं काय आहे, आपणही पळालोच आहोत, हेही म्हटलं. तरी प्रमाणपत्र घेताना तिचे डोळे भरून आले ते आलेच.

शनिवारी ती वाडीवर गेली. वाडीतली पहिली पदवीधर, पहिली ऑफिसातली नोकरी, वर्षावर्षाच्या कराराची. बाप, बहिरू, ओट्यावर बांबूच्या काड्या सोलत बसला होता. तिने त्याला विचारलं, की खरं बोलल्यानं नोकरी गेली तर?

बहिरूने काडी उजेडात धरून पाहिली. "नोकरी न्हवती तवा आपुन मान खाली घालून हिंडत व्हतो का?" तो म्हणाला. "आता घालतीस. तीन हप्तं बगतोय मी."

सोमवारी साहेबांचा कागद तिने सही न करता परत दिला आणि स्वतःच्या हाताने नवा लिहिला. समितीच्या खोलीबाहेर बाकावर जाऊन बसायला वळली, तर तिथे आदिनाथ बसलेला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मी पळालो नव्हतो," तो म्हणाला. "आमच्या कॉलेजात गेलो होतो. तक्ता कसा चालतो ते सगळं लिहून, सही करून आमच्या डीनना दिलं. तुमच्या समितीसाठी ही प्रत." मग थोडं थांबून, "निर्मला... त्या तक्त्यात पुसलं काहीच जात नाही. एक झाकलेला रकाना आहे. आधी भरलेले खरे तास त्यात तसेच राहतात. हे फक्त मला माहीत आहे."

दोघं तिच्या टेबलापाशी गेले. त्याने तिला कुठे दाबायचं ते सांगितलं. माऊस तिच्याच हातात होता. रकाना उघडला. धम्मदीपच्या नावापुढे आकडा आला — बावन्न. सलग.

 त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मग त्याने टेबलावर पालथा पडलेला तिचा हात हातात घेतला, आणि तिने तो काढून घेतला नाही.

समितीने दोघांचंही ऐकून घेतलं, कागद ठेवून घेतले. कोणी शाबासकी दिली नाही. साहेब तिच्याकडे न बघता निघून गेले, तेव्हाच तिला कळलं की करार पुढे वाढणार नाही. आणि तो वाढला नाहीच.

तिथून ती त्याच्या स्कूटरवर मळवलीला गेली. धम्मदीपची आई दारातच तांदूळ निवडत होती. निर्मला तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो गुरुवारी दुपारी सुटला होता. तुम्हाला फोन केला तेव्हा तो वॉर्डातच होता."

आईने सूप खाली ठेवलं. 

"म्हंजे माझ्याशी खोटं न्हाई बोलला," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

तास झाकणारा तक्ता आपण बनवला होता, हे आदिनाथनेही सांगितलं. आईने त्यांना माफ केलं नाही. चहाही विचारला नाही. निघताना आदिनाथकडे बघून ती एवढंच बोलली, की तुमी दोगं आता परत येऊ नका. ते दोघांनीही मान खाली घालून ऐकून घेतलं.

रेल्वे फाटकापाशी गाडी जायची वाट बघत स्कूटर थांबली. भुरभूर पाऊस लागला होता. त्याने मागे न वळताच विचारलं, "आपण असं केल्यावर, निर्मला... दोघांनी एकमेकांबरोबर सुखात राहायचं म्हणणं बरं दिसतं का?"

"नाही दिसत," ती म्हणाली.

"मला तरी राहायचंय. तुमच्याबरोबर. सुखात नाही तर नाही."

गाडी धडधडत गेली. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. तिने त्याच्या भिजलेल्या पाठीवर कपाळ टेकवलं, क्षणभरच.

"आज नको बोलू," ती म्हणाली. बोलण्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "आज त्या आईचा दिवस आहे. उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बहिरू ओट्यावर तोंड धूत होता. चढणीवरून कोणीतरी वर येत होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, दर दहा पावलांवर दम खायला थांबत.

"कोन हाय गं त्यो?" बहिरूने विचारलं.

निर्मला दारात आली. ओले केस तिने मागे टाकले आणि खाली बघत राहिली... तो वर पोचेपर्यंत.

"माझ्यासाठी आलाय, बा," ती म्हणाली.