जामीनकी

बार्शीत हल्ली लोक उठल्या उठल्या चहाच्या आधी मोबाइलवर आपला पतांक, म्हणजे बँकेनं ठरवलेला पतीचा आकडा, बघतात. शालन घोलपनंही बघितला आणि "अगं बाई!" म्हणून मटकन खाली बसली. काल सातशे नव्वद होता, आज चारशे बारा!

कांडपयंत्राचा एक हप्ता कधी चुकवला नाही, वीजबिलसुद्धा मुदतीच्या आधी भरणारी बाई. आणि नेमकं आजच तिचं गाळ्याचं कर्ज मंजूर व्हायचं होतं. संध्याकाळपर्यंत पैसे दिले नाहीत, तर मालक गाळा शेजारच्या मिठाईवाल्याला विकणार होता. नवरा गेल्यावर मिरच्या कुटून कुटून तिनं जे काही उभं केलं, ते सगळं त्या गाळ्यातच होतं. ती तडक बँकेत गेली.

"शालनताई, तुमची काही चूक नाही," कर्ज बघणाऱ्या मुजावर मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. "पूर्वी पतांक मागचं बघायचा, आता पुढचं बघतो. प्रत्येक खातेदाराची एक पडछाया आहे यंत्रात. तुमचे व्यवहार, औषधांची बिलं, सवयी, सगळं शिकून ती तुमची पुढची दोन वर्षं जगून बघते. तुमची पडछाया ठणठणीत आहे. पण तुम्ही ज्यांना जामीन आहात, त्यांची थांबलीये."

"सुहासभावजींची? थांबली म्हणजे?"

"दिवाळीची खरेदी दिसते, मग काहीच नाही. दूध नाही, डिझेल नाही, मोबाइलचा रिचार्जसुद्धा नाही."

"गावाला गेले असतील."

"रिचार्ज कुठूनही होतो, ताई."

घरचा टेम्पो चालवणारा, सदा हसतमुख दीर. दिवाळीनंतर काय? आजार, अपघात, की आणखी काही? कारण यंत्र सांगत नाही, ते फक्त थांबतं.

"जामीनकी काढून घेतली, तर तुमचा पतांक लगेच सुधारेल," मॅडम हळूच म्हणाल्या.

घोलपांच्या घरात जामीन राहताना रक्कम विचारायची पद्धत नव्हती. विचारणं म्हणजे अपमान. कांडपयंत्राच्या कर्जाला जामीन राहताना सुहासनं जेवता जेवता डावा अंगठा पुढे केला होता आणि पुन्हा भाकरी मोडली होती. त्या माणसाला सोडायचं? पण गाळा गेला तर पोरीला घेऊन जायचं कुठं? भावजींना नंतर समजावून सांगू, असं मनाशी म्हणत शालननं अंगठा टेकवला.

पतांक आठशे एक. कर्ज मंजूर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, भावजींचं आता एकदा बघा ना."

"दाखवायची परवानगी नाही," म्हणत त्यांनी बघितलंच, आणि त्यांचा चेहरा उतरला. "आता दिवाळी नाही, ताई. उद्यापासूनच कोरं आहे."

"उद्यापासून? का?"

"जामीन निघाला की बँक सगळं कर्ज एकदम मागते. तसा संदेश आत्ताच गेलाय त्यांना."

तेवढ्यात शालनचा मोबाइल वाजला.

"वहिनी," सुहासचा आवाज नेहमीसारखाच होता, उलट जरा जास्तच शांत. "गाळ्याचं काम झालं का तुमचं?"

"भावजी, कुठं आहात तुम्ही?"

"टेम्पो गावाबाहेरच्या तळ्याच्या कडेला लावलाय जरा. बरं झालं, तुमचं मार्गी लागलं. माझ्या पोरांकडं लक्ष ठेवा तेवढं."

"गाळा गेला खड्ड्यात! मी जामीन पुन्हा राहते, रद्द करते ते कर्ज. तुम्ही तिथून हलू नका, मी येते. ऐकताय ना? मी येतेय!"

पलीकडून फोन बंद झाला. शालननं लगेच पुन्हा अंगठा टेकवला. पतांक धाडकन खाली आला, गाळा हातचा गेला. तिनं तिकडे बघितलंही नाही.

"बघा आता! सरकली का त्यांची पडछाया?"

मुजावर मॅडमनी नकारार्थी मान हलवली. "अजून उद्यापासून कोरंच दाखवतंय."

"पण मी बोलले ना त्यांच्याशी!"

"फोन झाला, एवढं यंत्र धरतं. काय बोललात, ते नाही धरत."

शालन दारापर्यंत पोचली होती. ती गर्रकन वळली.

"मग यंत्राला काय ठाऊक, भावजी घरी येतील की नाही?"