मोहितचा नंबर

सासूबाईंचं आधार कार्ड केशोरीच्या बाजारात हरवलं. वांगी घेताना त्यांनी कमरेची चंची काढली, परत खोचली, आणि घरी येऊन पाहिलं तर चंचीत सुपारी, अडकित्ता सगळं होतं, कार्ड तेवढं नव्हतं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. कार्ड कोणाचं हरवत नाही? पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि ऑपरेशनच्या शिबिरात नाव लावायचं तर कार्ड पाहिजे होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी शिलाई बाजूला ठेवली, डिंपलला शेजारच्या देवकाबाईंकडे सोडलं आणि सासूबाईंना घेऊन केशोरीला गेले.

मी पुष्पांजली. घरात आम्ही तिघीच. सासूबाई शांतीबाई, मी, आणि माझी पाच वर्षांची डिंपल. माझा नवरा मोहित आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात गेला. आमच्या गावचा तलाव त्याच्याच पूर्वजांनी बांधलेला. पाऊस थांबेना तेव्हा तलावाची पाळ, म्हणजे बांध, फुटते की काय म्हणून माणसं पाहायला गेली, आणि सांडव्यावर मोहितचा पाय घसरला. तो सापडला तो खाली नाल्यात, बेशरमाच्या झुडपांत. पाकीट आणि फोन मात्र सापडले नाहीत. मी त्याला ओळखलं, त्याला अग्नी दिलेला पाहिला, मृत्यूचा दाखला काढून आणला. शंका ठेवायला कुठे जागा नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवते.

धान कापून झालं होतं. बांधांमधून धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे उभे होते, लाखोरीच्या डाळीचं पीक नुकतं वर आलं होतं. छान कोवळं ऊन होतं. हिमांशुच्या सेंटरवर गर्दीही नव्हती. हिमांशु तिथे आधारचं, सातबाऱ्याचं, सगळ्यांचं काम करतो. स्वभावानं चांगला पोरगा. त्यानं सासूबाईंचं एकेक बोट धरून यंत्रावर ठेवलं. यंत्र लाल होत राहिलं.

"रेषाच नाही राहिल्या आजी तुमच्या. घिस गई सब."

"धानाचा रोवणा करू करू गेल्या बाबू," सासूबाई म्हणाल्या.

मग यंत्रावर बुबुळं घेऊन पाहिली. मोतीबिंदूमुळे यंत्र तीही घेईना.

"मंग ओटीपीच मारतो," हिमांशु म्हणाला आणि त्यानं बटण दाबलंसुद्धा. "ताई, फोनवर आकडा आला असन, तो सांगा."

माझ्या फोनवर काही आलं नव्हतं. मी वाकून पाहिलं. कोणत्या नंबरवर आकडा पाठवला, त्याचे शेवटचे अंक पडद्यावर दिसत होते. मोहितचा नंबर. कार्डं काढली तेव्हा घरात फोन एकट्या मोहितकडे होता. त्यानं सगळ्यांच्या कार्डांना आपलाच नंबर लावला होता.

"तो फोन नाही आता," मी म्हटलं. "पाण्यात गेला."

हिमांशुला सगळं माहीत होतं. तो खाली बघत म्हणाला, "मंग अवघड आहे, ताई."

तेवढ्यात सासूबाईंनी मान डावीकडे कलती केली. आवाज नीट येत नसला की फोनवर आपण जसं डोळे बारीक करून ऐकतो, तसं त्यांनी केलं. मग हात वर केला.

"थांब ना... सांगून राहिला तो. चार... शून्य... काय? हां, नऊ..."

हिमांशुनं आकडे टाकले. आजीबाईंचं मन मोडायचं नाही म्हणून टाकले असतील. शेवटचा अंक टाकल्यावर पडदा हिरवा झाला आणि सासूबाईंचा फोटो उघडला.

"अरे, हो गया ना!" तो हसला. "फोन सापडला वाटते. घरी कोन आहे फोनपाशी?"

घरी कोणी नव्हतं. सासूबाई फोन वापरत नव्हत्या. त्यांना तो धरताही येत नव्हता.

परत येताना ऑटोत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "आई, आकडे कोणी सांगितले?"

"मोहितनं सांगतलन."

"कसे?"

"कानात. फोनवर बोले ना, तसा. लय दुरून येऊन राहिला होता आवाज..." त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. "मांगं पानी वाजून राहिलं होतं."

त्या संध्याकाळी मी मोहितचा नंबर लावला. फोन बंद आहे, असं ती नेहमीची बाई म्हणाली. पण गेलेल्या माणसाचा नंबर इतके महिने राहतो कसा? दुसऱ्या दिवशी गावातल्या गुड्डूच्या दुकानात विचारलं, तर तो म्हणाला, शांतीबाई दर महिन्याला येतात, मोहितभाऊच्या नंबरवर रिचार्ज मारून जातात. मी घरी येऊन सासूबाईंना जाब विचारला.

"चालू राहू दे पोरी," त्या म्हणाल्या. "त्याचं आनखी काय उरलं आहे?"

मी रिचार्ज चालू राहू दिला.

नवं कार्ड मिळालं. शिबिरात नाव लागलं. आणि ते कार्ड परत हरवलं. मला वाटलं, वय झालं, विसरतात. पुन्हा हिमांशुकडे गेलो. पुन्हा तेच. मान कलती, हात वर, आणि आकडे. या वेळी त्या आकडे सांगून थांबल्या नाहीत. हळूच हसल्या, "हो रे," म्हणाल्या, "जेवते, चांगली जेवते," म्हणाल्या. वर्षभरात त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "काय म्हणत होता?"

"डिंपलचं विचारलन."

"आणि... माझं?"

सासूबाई चपला शोधू लागल्या. "तुह्या नावानं काही नाही बोलला," त्या म्हणाल्या.

खरं सांगते, तेव्हा मला भीतीच्या आधी वाईट वाटलं.

त्यानंतर त्यांचा डावा कान वाहायला लागला. पू नव्हता. नितळ पाणी होतं. उशी भिजायची, आणि तिला वास यायचा शेवाळाचा, पाऊस संपल्यावर तलावाच्या काठाला येतो तसा. दवाखान्यात थेंब दिले. थेंबांनी काही झालं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र चांगलं झालं. हिरवी पट्टी निघाली, त्यांना सुईत दोरा ओवता येऊ लागला.

एके दिवशी सकाळी मी पाण्याची गुंडी घेऊन आत आले तर सासूबाई चुलीपुढे बसलेल्या. हातात आधार कार्ड होतं. त्यांनी ते निखाऱ्यावर ठेवलं, आणि त्याच्यावरचा त्यांचाच फोटो आक्रसत गेला. प्लॅस्टिकचा घाण वास घरभर झाला.

"आई! कायले जाळता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लाज नव्हती, चोरी पकडल्याची भीतीही नव्हती.

"हरवलं म्हनजे तो बोलते ना, पोरी."

त्यांना परत सेंटरवर नेऊ नये, हे मला कळत होतं. पण त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. डिंपलनं घास भरवला तर तोंड फिरवलं. मग मी नेलं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, ते मला सांगा.

त्या दिवशी हिमांशु आम्हाला पाहून हसला नाही. त्यानं सासूबाईंचा आधार नंबर टाकला. खुर्चीत टेकायच्या आत सासूबाई आकडे म्हणू लागल्या. ते संपले तेव्हा हिमांशु माझ्याकडे बघत होता.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "मी अजून बटन दाबलंच नाही..."

त्यानं बटण दाबलं. तेच आकडे टाकले. पडदा हिरवा झाला.

सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या ऐकत होत्या. कानातून पाण्याची धार निघून पदरावर उतरत होती. मग त्यांनी हिमांशुचा हात धरला.

"बाबू, मोहितचं बी नवीन कार्ड काहाडून दे."

"आजी..."

"त्याचं पाकीट पान्यात गेलं ना. कार्ड नाही त्याच्यापाशी. कार्डाशिवाय कोनी घेऊन नाही राहिले म्हनते त्याले... तिकडं बी नाही घेत, इकडं बी नाही. उभाच आहे तो. तवापासून उभाच आहे, बाबू..."

"आजी, गेलेल्या मानसाचं कार्ड नाही निघत."

"पुष्पाले सांगू नको म्हनला तो. पन तिच्याबिगर कसं होईन?"

हिमांशुनं हात सोडवून घेतला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आता आजीचे डोळे चांगले झाले. यंत्र ते घेऊन घेईन. तुमचा नंबर लावून टाकू यांच्या कार्डाले. आजच. फिर ये सब बंद."

सासूबाईंना कळलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. त्या म्हणत राहिल्या, "त्याचा नंबर काहाडू नको पुष्पा, पाया पडतो तुह्या, काहाडू नको..." आणि मी, त्यांची सून, त्यांचं डोकं मागून धरलं आणि दोन बोटांनी त्यांच्या पापण्या उघडल्या. यंत्राचा उजेड त्यांच्या डोळ्यांत पडला. काम झालं.

परत येताना मी गुड्डूच्या दुकानात थांबून सांगितलं, यापुढे त्या नंबरवर रिचार्ज मारायचा नाही. चार-पाच दिवसांत कान कोरडा झाला. सासूबाई जेवत होत्या, अंगण झाडत होत्या, पण बोलणं पार थांबलं. नवं कार्ड आलं, ते त्यांनी हातातही घेतलं नाही. मी ते पेटीत ठेवलं. मला वाटलं, दिवस जातील तशा सावरतील. आणि खोटं कशाला बोलू, मला मोकळं वाटत होतं. मी परत रात्री झोपू लागले होते.

मग महिन्याभरानं, दुपारची मी मशीनवर बसले होते, आणि माझ्या फोनवर निरोप आला. आधारचा आकडा. खाली लिहिलेलं, हा कोणालाही सांगू नका. कोणत्या कार्डासाठी, त्याचे शेवटचे चार अंकही होते. ते सासूबाईंचे नव्हते. माझेही नव्हते. मोहित गेल्यावर इतक्या कचेऱ्यांमधून मी ते अंक लिहिले होते की झोपेतही म्हणेन. ते मोहितचे होते.

मी हिमांशुला फोन केला. त्यानं लगेच यंत्रावर कार्ड उघडून पाहिलं.

"मोहितभाऊच्या कार्डाले आता तुमचाच नंबर दाखवून राहिला, ताई. मी तर फक्त आजीचा बदलला होता. खरंच सांगतो... मी नाही केलं."

"मग मागतंय कोण? आकडा कोण मागवून राहिलं?"

"इथून तर कोनी नाही." मग म्हणाला, "सांगू नका कोनाले. पुसून टाका."

मी पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. तिसऱ्या दिवशीही. मी पुसत राहिले. फोन बंद करून ठेवला. चालू केला की साठलेले सगळे एकदम यायचे. फोन फेकून द्यावा म्हटलं, तर शिलाईची गिऱ्हाइकं त्याच्यावर, डिंपलच्या शाळेचं त्याच्यावर. शेवटी मी दुपारची वेळ झाली की फोन हातात घेऊन बसू लागले. आला की पुसायचा, आणि मग कामाला लागायचं. अशीही सवय होते माणसाला. कधी कधी पुसताना वाटायचं, तो उभा आहे. कुठल्यातरी खिडकीपुढे, ओल्या कपड्यांनिशी, रांग पुढे सरकते आहे आणि याला कोणी आत घेत नाही. आकडा माझ्या हातात आहे आणि मी तो देत नाही. त्यानं माझं नाव का घेतलं नाही, ते मला तेव्हा कळलं. मी देणार नाही, हे त्याला माहीत होतं.

मग एके दिवशी मी बोरिंगवर दोन गुंड्या पाणी भरायला गेले. फोन मशीनवर राहिला. जास्त वेळ लागला नसेल. परत आले तर दाराच्या आतून डिंपलचा आवाज येत होता. तिला शाळेत नुकतेच अंक शिकवले होते. दिसेल तिथे ती वाचायची, भिंतीवर, गोणीवर, गाड्यांवर. एकेक अंक, ठासून, बोट ठेवून.

"...सात... दोन... दोन..."

ती मशीनपुढे उभी होती. फोन दोन्ही हातांत धरलेला. पण तोंड फोनकडे नव्हतं. मागच्या दाराकडे होतं. दार उघडं होतं, पलीकडे परसात रिकामं ऊन पडलं होतं.

"डिंपल... कोणाले सांगून राहिली?"

"बाबाले," ती म्हणाली. "बाबा म्हनले, तुले वाचता येते का? मी म्हनलं, येते."

माझ्या हातातली गुंडी खाली आली. मी फोन हिसकावून घेतला. पडद्यावर नवा निरोप होता. पडताळणी यशस्वी. एवढंच. पुसायला तिथे काही उरलं नव्हतं.

पोरगी रडायला लागली. तिला वाटलं, तिनं चुकीचं वाचलं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, नाही, बरोबर वाचलंस.

त्यानंतर एकही आकडा आलेला नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी भात उतरवला. सासूबाई इतक्या दिवसांनी आपणहून उठल्या. त्यांनी पाट मांडले, फळीवरून ताटं काढली आणि पुसून ओळीनं ठेवली. मी पाहिलं, ताटं चार होती. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेपुढे माझं काही चालेना. मी चारही ताटांत भात वाढला, वरण घातलं आणि बसले.

डिंपल पहिला घास घेणार, तेवढ्यात थांबली. ताट उचललं, आणि जरा माझ्याकडे सरकून बसली. कोणाला नीट मांडी घालून बसता यावं म्हणून सरकतो ना आपण, तशी.