माळावरचे पाच दगड

हे घडलंय. माझ्यासोबत. पटलं नाही तर सोडून द्या, पण करमणूक म्हणून वाचू नका.

शुक्रवार, २४ जानेवारी २०२५. उत्तराखंडातलं एक गाव. नाव मुद्दाम देत नाही.

मी सोमनाथ. मूळचा वैजापूरचा. तेव्हा शहरात, क्रांती चौकामागं दीड खोलीत भाड्यानं राहायचो. मी आणि माझी बायको, प्रेरणा. सात वर्षांत चार खोल्या बदलल्या होत्या. प्रेरणानं खोक्यांवरची चिकटपट्टी काढणंच सोडून दिलेलं.

बर्फाचा डोंगर चढायचा, हे माझं आणि इम्रानचं ठरलेलं. इम्रान म्हणजे ऑफिसातला दोस्त. गाडीत बसायच्या आदल्या दिवशी तो फिरला.

"बर्फच बघायचाय ना? फ्रीजर खोल के बैठ जा, मियाँ," म्हणाला. बूट मात्र स्वतःचे दिले.

म्हणून एकटा.

त्या शुक्रवारी सकाळी सातला गावातून निघालो. गुडघ्याएवढा बर्फ. वाटेवर दुसऱ्या कुणाचं पाऊल नाही. पक्षी नाही. वारासुद्धा नाही...

फक्त माझे बूट. कर्र. कर्र.

साडेअकराला वरच्या माळावर पोचलो. स्वच्छ ऊन. चहूकडं पांढरं.

आमच्याकडं डोंगरावरच्या देवाला गेलं की लोक वाटेत पाच दगड एकावर एक रचतात. स्वतःचं घर होऊ दे म्हणून. मीही रचले. हात जोडले. प्रेरणाला दाखवायला फोटो काढला आणि उतरायला लागलो.

शंभरेक पावलं गेलो असेन.

मागून आवाज आला... टक्.

दगडावर दगड ठेवल्याचा.

वळून पाहिलं. माणूस नाही. जनावर नाही.

आणि मी रचलेले पाच दगड...

तेही नाहीत.

बर्फात पळता येत नाही. घसरत, पडत उतरलो. आवाज तेवढ्याच अंतरावर. मी थांबलो की तो थांबायचा. मी निघालो की... टक्.

झाडी लागली तेव्हा बंद झाला.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी चहा दिला. माझ्या बुटांकडं बघत म्हणाल्या, "ढेर तक गए थे?"

"कौन सा ढेर?"

त्यांनी सांगितलं. त्यांचा दीर मेंढ्या घेऊन वर गेला, तो बर्फात हरवला. सापडला नाही. जिथं त्याची काठी मिळाली तिथं दगडांचा ढीग केलाय. वर जाणारा प्रत्येक जण त्यात एक दगड घालतो.

"वही उसका घर है. कोई एक पत्थर भी कम नहीं करता."

मी चहा संपवला.

आता वर जे लिहिलं नाही ते लिहितो.

गुडघाभर बर्फात सुटे दगड कुठून मिळणार?

माळावर ढीग होता. कमरेएवढा. त्यातले पाच मी काढले.

एवढंच केलं. पाचच.

एप्रिलमध्ये आमचं घर झालं. आमच्याच शहरात, सातारा परिसर म्हणतात त्या वस्तीत, तिसरा मजला. दोन वर्षं अडकलेलं काम आठवड्यात सुटलं. इम्रान म्हणाला, "क्या पत्थर रखा रे तू! मेरे को भी ले चल." प्रेरणानं सगळी खोकी एका दिवसात उघडली. भिंतीला पहिला खिळा तिनंच ठोकला.

मग मे. बेचाळीस डिग्री. दुपारी अख्खी सोसायटी दारं लावून पडलेली.

आमची आतली खोली मात्र गार. कूलर बंद असताना.

"वरचे कुकरात शिजायलेत," प्रेरणा म्हणाली, "अन् आपल्याला चादर लागायली."

ती हसली. मीही हसलो.

त्याच दुपारी गॅलरीत... टक्.

एक काळा दगड. ओला. खाली पाणी साचलेलं. तिसऱ्या मजल्यावर.

आठ दिवसांनी त्याच्यावर दुसरा. मग तिसरा.

त्या बाईंना फोन केला. इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, ढीग ठीक आहे ना?

"बर्फ पिघली तो देखा, गिर गया है," त्या म्हणाल्या. "सास रोती है. कहती है, अब लौटेगा तो किस घर जाएगा."

मी फोन ठेवला.

खरं सांगायला हवं होतं. त्यांना. त्याआधी प्रेरणाला. रोज सकाळी ठरवतो. मग ती अंगणच नसलेल्या घराच्या दारात रांगोळी काढताना दिसते...

काल चौथा आला.

ती चहा घेऊन गॅलरीत आली. बघत राहिली.

"अहो, झालं की आपलं घर. आता कोणासाठी रचताय?"

सगळं फक्त इम्रानला माहीत आहे. तो म्हणतो, उठा के फेंक दे.

दगड उचलायची चूक मी एकदा केलीय.

आत्ता दुपारचा एक वाजलाय. सात वर्षांनी प्रेरणा स्वतःच्या घरात झोपलीय. आतल्या खोलीत, डोक्यावरून चादर घेऊन. मी गॅलरीच्या दाराला कडी लावून हे लिहितोय.

दाराखालून पाणी आत येतंय...

पाचवा अजून आलेला नाही.